उभ्या पायाचं माप

अरे, माझे पाय फताडे, तयार बूट बसायचेच नाहीत. साठ सालच्या आसपास हिमालयात जायचं ठरलं, तेव्हा आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरात बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्या अण्णांकडे गेलो. ते माप घ्यायला वाकले. वडीलधाऱ्यानं माझ्या पायाला हात लावायचा? मी पाय मागे ओढला आणि स्टुलावर बसून स्वतःच कागदावर पाय आखून दिला.

नवे बूट घालून सरावाला शहराजवळचा नंदीचा डोंगर चढलो, तर बोटं सोलली.

अण्णा म्हणाले, "बसल्या पायाचं माप दिलंस. उभं राहिलं की पाय पसरतो. सरी, बरं, आता उभा राहा, आणि लाजू नकोस."

दुसरे बूट हिमालयात एकदाही चावले नाहीत. परत आल्यावर अण्णांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनीच पाय मागे ओढला!

म्हटलं, "उभे राहा अण्णा, आणि लाजू नका."