शाळेचं मयत

— नाही हो साहेब, मेलेल्या माणसाचाच कागद लावायचा असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, ते दाखवा आधी. फिरून बघा की गावात, आख्ख्या बल्गेरियात. प्रत्येक फाटकावर, झाडावर, बस थांब्यावर काळ्या चौकटीतले मयताचे कागद — फोटो, नाव, पुरणार कधी. माणूस गेला की एक, चाळीस दिवसांनी एक, वर्षाने एक. आमच्याकडे भिंतीवर मेलेलेच जास्त हजर असतात. मग मी शाळेचा एक लावला तर जिल्ह्याच्या पोटात का दुखतंय? हो, मीच लावला. सरपंचालाही सांगितलंय, मी काय लपवतो काय. बसा ना, शाळेला सील लावायला आलात म्हणून उभंच राहायचं असतं का? सूर्यफुलाच्या बिया खा. टरफलं खाली टाका, झाडणारा कुणी नाही — त्याला तुम्हीच काढलंत.

तर शाळेचा फोटो टाकला नि खाली लिहिलं, 'आमची लाडकी शाळा जिल्ह्याच्या कचेरीत अल्प आजाराने वारली. मंगळवारी सकाळी निरोप.' बास, एवढंच. इलियेवा बाईंनी — आमच्या बाई, सगळे विषय त्याच शिकवतात — त्यांनी काय केलं माहितीये? फाडला नाही कागद. लाल पेनाने चुका सुधारल्या आणि तसाच राहू दिला.

मला वाटलं, लोक हसतील नि जातील घरी. पण आमची म्हातारी माणसं कागद पूर्ण वाचतात थोडीच — काळी चौकट दिसली, मंगळवार दिसला, लागली मयताला वाटतात ते गहू उकडायला. सकाळी बघतो तर आख्खं गाव शाळेच्या पायरीवर. काळे रुमाल, फुलं, गव्हाचे डबे. कोण गेलं रे, कोण गेलं? मी म्हटलं, शाळा. म्हटलं आता खातोय मार. तर त्सोना आजी — नव्वदीला टेकलीय, पूर्वी वर्गातली शेगडी हीच पेटवायची — माझ्याकडे बघते, इमारतीकडे बघते, आणि म्हणते, 'मग बाहेर काय उभे राहिलात सगळे? मयताला एकटं सोडतात का?' झालं. गेले आत.

ते अजून आतच आहेत. आमच्यात पुरेपर्यंत मयताजवळ कुणीतरी जागं बसतंच. मांजर जवळ येऊ द्यायचं नाही, त्याने ओलांडलं तर मयताचं भूत होतं — दारात काठी घेऊन लाझो काका बसलाय ना, तो मांजरांसाठी. म्हणजे तुमच्यासाठी पण असेल, विचारा जाऊन. आता शाळा पुरायची कुठे? केवढा खड्डा लागेल? जागा मिळेपर्यंत उठायचं नाही, असं त्सोना आजीने ठरवलंय. आणि आत माणसं असताना सील लावता येत नाही — हे तुम्हीच मघाशी फोनवर म्हणालात. ऐकलं मी. मोठ्याने बोलता तुम्ही.

मुलं उरली नाहीत म्हणता. गेली कुठे मुलं? युरोपात. गंमत बघा, बल्गेरिया पण युरोपातच आहे की. चौकातलं कारंजं युरोपच्या पैशाचं, वर निळी पाटी, चांदण्या — पाणी तेवढं नाही. तरी स्पेनला निघालेला माणूस म्हणतो, युरोपात चाललो. मग आम्ही कुठे बसलोय? आणि तुमचं ते इतिहासाचं पुस्तक — प्रत्येक धड्यात कुणीतरी येतं आणि आमची सुटका करतं. तुर्कांपासून केली, राजापासून केली, कम्युनिस्ट पक्षापासून केली. आता पुढच्या सुटकेला गावात माणूसच नाही. हेच मी परीक्षेत लिहिलं. नापास. बाई म्हणाल्या, उत्तर चूक आहे, पण डोकं चालवलंयस, पुन्हा त्याच वर्गात बस. बसलो. मला आवडतं तिथे. निवडणुकीत सरपंच चौकात मांस भाजतो, दुसरे पक्षही भाजतात. आमचे आजोबा सगळ्यांचं खातात नि मत कुणालाच देत नाहीत. ह्याला म्हणतात राजकारण, पुस्तकात नाही सापडायचं.

हसू नका. शाळा बंद झाली की मला स्पेनला पाठवणार. आई तिकडे असते, कुणाच्या तरी म्हातारीला सांभाळते — आंघोळ, औषधं, बागेत फिरवणं. तिकडची म्हातारी बघायला माझी आई, आणि इथला म्हातारा, तिचा सख्खा बाप, त्याला कोण बघणार? मीच ना. लाकडं मी फोडतो, सूप मी करतो, करपवतो पण मीच. मी गेलो की तो एकटा. कुठल्या शाळेत शिकवतात हो असला हिशोब?

आणि त्या कागदाचा फोटो कुणीतरी फोनवर टाकला. आईने पण पुढचं वाचलंच नाही, काळी चौकट बघितली फक्त. फोन आला, 'बाबा गेले का रे?' आणि रडायला लागली — असं रडताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, 'निघते मी. आत्ता निघते.' नाताळला येते म्हणते, ईस्टरला येते म्हणते, सुट्टीच मिळत नाही तिला. आणि तेव्हा एका मिनिटात निघाली होती. मी काय बोललो? 'अगं कुणी नाही मेलं, गंमत केली.' आख्ख्या गावाला फसवतो मी, आणि नेमकं तिथे — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. बिया संपल्या.

उठलात? जा ना, दार उघडंच आहे. टोपी काढा. त्सोना आजी गहू देईल, नाही म्हणायचं नसतं. बाक लहान आहेत, गुडघे सांभाळा आणि — थांबा, फोन.

हं आई. … नाही, आतच आहेत सगळे. … आजोबा पण, मागच्या बाकावर, झोपलेत. … हो, आलाय सील लावणारा. … माहितीये मला. नाही येणार मी. … नाही म्हणजे नाही. तू ये. त्या म्हातारीला सांग, गावात मयत झालंय. … खोटं कुठे, सगळं गाव बसलंय की इथे. … आई?

काय बघताय साहेब? जा की आत.