एकेचाळीस सेकंद

फेनेला : तीन मिनिटं दहा? बाबा, हे काय लिहिलंयस?

विल्फ : माझी वेळ.

फेनेला : मी सोळा वर्षांची होते तेव्हापासून तू अठ्ठावन्न सेकंद लिहितोस आणि अठ्ठावन्न सेकंदांतच स्कीवरून खाली येतोस. सगळा क्लब वैतागलाय तुझ्या अठ्ठावन्नला.

विल्फ : म्हणून तर बदललं.

फेनेला : तीन मिनिटांत नायरी आँटी चीज रोलचं ताट घेऊनसुद्धा खाली येईल.

नायरी : ऐकतेय मी. आणि ताट घेऊन मी दोन मिनिटांत येते. हा घे माझा कागद. दोन मिनिटं चार सेकंद. एकतीस वर्षं झाली, घासण्यापलीकडे बक्षिसाच्या त्या केटलीला हात लागला नाही माझा. पोचे मला पाठ झालेत, आणि नावं कोरलेली दुसऱ्यांची.

फेनेला : बाबा, आपण किती वेळात उतरू हे ओळखायची शर्यत आहे. मुद्दाम रेंगाळायची नाही.

विल्फ : रेंगाळू नये असं नियमात कुठे लिहिलंय?

फेनेला : नियम तूच लिहिलेस.

विल्फ : म्हणून विचारतोय.

फेनेला : घड्याळ काढ. टोपीत टाक सगळ्यांसारखं.

विल्फ : घे. तसा काही उपयोग नाही.

फेनेला : माहितीय. तू मनात मोजतोस. जेवतानाही मोजतोस.

विल्फ : चाळीस वर्षं माणसं वर ओढणाऱ्या दोराच्या इंजिनापाशी उभं राहिलं की मोजणं थांबत नाही, फेन. बटाटे शिजत घातले तरी मोजतो.

फेनेला : बरं, मला एक सांगा. यंदा शर्यत तीन आठवडे अलीकडे का आणली? पत्रात लिहिलंत की बर्फ लवकर वितळतोय. इथे तर कमरेएवढा आहे.

नायरी : हवामानखात्यावर विश्वास ठेवला, दुसरं काय.

फेनेला : आणि उतारावर दर झेंड्यापाशी एकेक माणूस उभा केलाय तो?

विल्फ : किआ पोपट झेंडे फाडतात.

फेनेला : किआ गेल्या वर्षीही होते.

विल्फ : यंदा माजलेत. काल माझा हातमोजा नेला. उजवा. डावा नेला असता तर चाललं असतं.

फेनेला : जाकीट कुणाचं घातलंयस?

विल्फ : माझंच.

फेनेला : सैल दिसतंय.

नायरी : मी धुतलं ना. ताणलं असेल. तू त्याची आई आहेस का? चल विल्फ, दोर धर. तुझा नंबर शेवटचा, पण वर जाऊन बसलेलं बरं.

विल्फ : फेन, संध्याकाळी लगेच निघणार?

फेनेला : उद्या शाळेत पहिला तास माझाच आहे. डनीडनला पोचायला चार तास लागतात.

विल्फ : बरं. वेळ ओरडून सांग हं. गेल्या वर्षी पुटपुटलीस.

फेनेला : टिपणाऱ्याने ओसरीवरून ओरडून सांगेपर्यंत वेळ धरायची नाही. माहितीय मला. नियम चौथा.

विल्फ : पाचवा.

फेनेला : आँटी, त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा चिमटा तू का लावतेस दोराला?

नायरी : बोटं गारठलीत त्याची. तू तुझं घड्याळ बघ.

*

फेनेला : विल्फ कॅरदर्स! तीन मिनिटं अकरा सेकंद!

विल्फ : किती?

फेनेला : तीन अकरा. एका सेकंदाने चुकलास, लबाड! पाहिलंत ना सगळ्यांनी? केटलीसाठी मध्येच उभा राहून डोंगर बघत बसला! जन्मात पाहिले नव्हते जसे काही. काय हो, कुणी हसत का नाही?

नायरी : हसतोय की. हसा रे. सगळे हसतायत.

विल्फ : तीन अकरा. नक्की, फेन?

फेनेला : तूच दिलेलं घड्याळ आहे हे.

विल्फ : मग बरोबर असेल. बसतो जरा.

नायरी : खुर्ची इकडे. रोल खा, गरम आहे तोवर.

फेनेला : आँटी, तू दोन मिनिटं आठ. दुसरा नंबर. चार सेकंदांनी चुकलीस, हुकली केटली.

नायरी : या म्हाताऱ्याने जन्मभर छळलंय मला.

*

(पुढच्या वर्षीचा मार्च, दक्षिण गोलार्धातला उन्हाळा नुकताच सरलेला. क्लबघराची तीच ओसरी. समोरच्या गवताळ उतारावर श्रमदानाला आलेली माणसं दोराचे खांब रंगवतायत.)

नायरी : क्लबघराची किल्ली टेबलावर ठेवलीस म्हणजे ती मी घेतली असं नाही.

फेनेला : ठेवलीय फक्त. आमच्या बाकावरचं सामान काढलंय. बाबाची स्की गाडीत टाकली. आता इथे माझं काही नाही.

नायरी : चहा तरी घेशील?

फेनेला : नको.

नायरी : सात महिन्यांत एक फोन उचलला नाहीस. पत्रं परत पाठवलीस. न उघडता. मी पाकिटावर तुझं नाव एवढं नीट काढलं होतं.

फेनेला : रविवारी शर्यत झाली. गुरुवारी तो गेला. सोमवारी चर्चच्या दारात तुमच्या कमिटीतला बर्ट हेगन माझा हात हातात घेऊन म्हणतो, बरं झालं शर्यत अलीकडे आणली, विल्फला मिळाली तरी. मी विचारलं, मिळाली तरी म्हणजे? त्याने माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे बघितलं. आणि तू मान हलवलीस. अशी, हळूच. त्याला गप्प करायला.

नायरी : हलवली.

फेनेला : माझ्या बापाच्या शवपेटीपाशी उभी राहून.

नायरी : हो.

फेनेला : जूनमध्ये तू त्याला इस्पितळात घेऊन गेलीस. हृदय थकलंय, आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मग कमिटीची बैठक झाली. माझ्या बाबाच्या हृदयावर बैठक, आँटी. काय केलंत? हात वर करून मतं घेतली?

नायरी : विषय तारखेचा होता. हात वर केले, हो.

फेनेला : किती जणांनी?

नायरी : चौदा.

फेनेला : चौदा. आणि एकालाही फोन करावासा वाटला नाही.

नायरी : त्याने शब्द घेतला होता आमच्याकडून. म्हणाला, फेनला कळलं तर ती मला डनीडनला नेईल, खिडकीपाशी बसवेल, गुडघ्यांवर शाल टाकेल आणि रोज जाडजाड पुस्तकं वाचून दाखवेल.

फेनेला : नेलंच असतं.

नायरी : बघ.

फेनेला : त्याला कदाचित वसंत ऋतू दिसला असता. तुम्ही त्याला उतारावर सोडलंत. डॉक्टर नको म्हणाले असताना, झेंड्याझेंड्याला माणूस उभा करून. पडला तर उचलायला. नीट आखून.

नायरी : त्याला उतरायचं होतं गं.

फेनेला : ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मग मी भांडले असते, रडले असते, कदाचित मीच त्याला वर नेलं असतं. तो हक्क माझा होता.

नायरी : हृदय त्याचं होतं.

फेनेला : बाप माझा होता.

नायरी : तुझाच होता.

फेनेला : आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. याच ओसरीवर तू माझी वेणी घालायचीस. बाकी तेरा जणांचं मला काही वाटत नाही. खरंच नाही. पण तू मला सांगितलंस, जाकीट धुऊन ताणलं.

नायरी : सांगितलं.

फेनेला : किती सहज.

नायरी : सहज? त्या दिवशी तीन घाणे करपवले मी रोलचे. एकतीस वर्षांत एक करपला नव्हता. विचार कुणालाही.

फेनेला : मी कुणाला काही विचारणार नाही आता. तुम्ही साठ माणसं इथे उभी होतात आणि मी त्याला लबाड म्हणाले. कुणी अडवलं नाही मला.

नायरी : वाटलं होतं, जाऊन तोंडावर हात ठेवावा तुझ्या. पण विल्फ हसत होता.

फेनेला : हसत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

नायरी : बरं. भांडून झालं असेल तर एक काम कर आणि मग जा. ही केटली. आणि हा खिळा. नाव कोर त्याचं.

फेनेला : अजून कोरलं नाही? केटली इथे कशी? जिंकणारा वर्षभर घरी नेतो ना?

नायरी : नेली नाही त्याने. मी गाडीत नेऊन ठेवली, तर धापा टाकत परत आला आणि फळीवर ठेवून गेला. म्हणाला, ही माझी नाही, नायरी. मला वाटलं, पुढच्या वर्षी परत आणून द्यायला आपण नसणार, म्हणून म्हणतोय.

फेनेला : आणखी काय म्हणाला?

नायरी : काही नाही. हं, फेनला विचारू नकोस म्हणाला. मी म्हटलं, तिला कशाला विचारू केटलीचं? फेन? काय झालं? बस. बस आधी.

फेनेला : त्याने मोजलं होतं.

नायरी : काय मोजलं होतं?

फेनेला : दुसऱ्या झेंड्यापाशी तो थांबला तेव्हा मला खरंच वाटलं, रेंगाळतोय. तिसऱ्यापाशी थांबला तेव्हा हातमोजा काढून त्याने गुडघ्यावर हात टेकला. तिथला तुमचा माणूस पुढे झाला. बाबाने काठी उचलून त्याला मागे हो म्हणून सांगितलं. तेवढ्यावरून मला कळलं. सगळं नाही. पण पुरेसं.

नायरी : तुला कळलं होतं?

फेनेला : घड्याळ टाकून धावत जावं असं वाटलं. मग वाटलं, मी धावले तर ते खरं होईल. म्हणून त्याच्याकडे बघायचंच थांबवलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. तीन दहा झाले. तीन अकराला बटण दाबलं. बरोबर दहावर दाबलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

नायरी : आणि विल्फ तेव्हा कुठे होता?

फेनेला : चौथ्या झेंड्याच्याही वर. तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतात. माझ्या हाताकडे कोण बघणार? पुढचं मी मनात मोजलं. त्याच्यासारखं. एकेचाळीस.

नायरी : आणि ते लबाड वगैरे?

फेनेला : दुसरं कुणी काही बोलायच्या आत बोलायला हवं होतं. तो मुद्दाम रेंगाळला असं सगळ्यांना वाटलं, तर ते तसंच झालं असेल, असं काहीतरी. मग मी गाडीत बसून चार तास चालवत घरी गेले. सोमवारी फोन केला नाही. मंगळवारी केला तर शाळेचं बोलले. बुधवारी नाही.

नायरी : पोरी.

फेनेला : याचा अर्थ तुम्हाला माफ केलं असा नाही. तुमच्यावरचा राग आहे तेवढाच आहे.

नायरी : असू दे. मी मागितलेली नाही माफी. मागायला तोंड नाही माझ्याकडे. थांब. तीन अकरा आणि एकेचाळीस. तीन बावन्न.

फेनेला : हो.

नायरी : म्हणजे तो बेचाळीस सेकंदांनी चुकला.

फेनेला : हो.

नायरी : आणि मी चार सेकंदांनी.

फेनेला : हो, आँटी.

नायरी : एकतीस वर्षं, फेनेला. एकतीस वर्षं घासतेय मी ही केटली.

फेनेला : खिळा दे. तुझं नाव कोरते.

नायरी : कोरशील नंतर. आधी वेळ. माझ्या कानात पुटपुटलेली वेळ इथे कुणी धरत नाही. कितवा नियम तो?

फेनेला : पाचवा.

नायरी : मग ऊठ. कठड्यापाशी जा.

फेनेला : सगळे खाली आहेत.

नायरी : आहेत ना. बाकीचे तेराच्या तेरा आहेत. ब्रश खाली ठेवून वर बघतायत मघापासून, तू आल्यापासून. बर्टला कमी ऐकू येतं, तेव्हा जोरात.

फेनेला : आवाज फुटणार नाही माझा.

नायरी : खोटी वेळ सांगताना चांगला फुटला होता.

फेनेला : विल्फ कॅरदर्स! तीन मिनिटं बावन्न सेकंद!