याआधीची नावं

(स्लाऊ. रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यावर ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज उघडलेला. शेजारी रेखाचे दोन पासपोर्ट, एक जुना आणि एक नवा.)

यशोधन: इथे काय टाकू? ‘याआधी वापरलेली इतर नावं.’ ‘नाही’ टाकतो.

रेखा: ‘नाही’ कसं? खोटं कशाला लिहिताय? उल्का लिहा.

यशोधन: अगं, उल्का लिहिलं की पुरावे मागत बसतील. ईशितानं काल केंब्रिजहून फोनवर बजावलंय, ‘बाबा, सिम्पल ठेवा.’

रेखा: तुमची लेक शहाणीच आहे. पण माझा इथे कायम राहायचा, सेटलमेंटचा शिक्का कुठल्या पासपोर्टात आहे? या जुन्या. त्यावर नाव काय? उल्का. आणि नव्यावर रेखा. म्हणून तर गेल्या महिन्यात मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या त्या पोरीनं मला पाऊण तास उभं केलं. म्हणे, मॅडम, ही उल्का कोण?

यशोधन: मग तू काय सांगितलंस?

रेखा: काय सांगणार! म्हटलं, होती एक. मिरजेत राहायची.

यशोधन: म्हणूनच म्हणतो, सिटिझन होऊन टाक, कटकट मिटेल. नवरा ब्रिटिश, तू सेटल्ड, वर पासष्टी उलटलेली, म्हणजे ती परीक्षासुद्धा माफ.

रेखा: आणि नाही झाले तर?

यशोधन: तर जुना शिक्का ऑनलाइन करून घ्यायचा. तेही चालतं. पण सलग दोन वर्षांपेक्षा जास्त तिकडे राहिलीस की तो हक्क गेला. आणि सिटिझन झालीस तर इंडियन पासपोर्ट गेला. काहीतरी एक जाणारच.

रेखा: आई होती तोवर मी तो सोडला नाही. वाटायचं, तिचं काही झालं आणि व्हिसाच्या रांगेत अडकले तर? आता आईच नाही. आता घ्या तो पासपोर्ट, माझी ना नाही.

यशोधन: मग भरू पुढे?

रेखा: भरा. पण वरचं नाव बदला. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घ्यायची ना? ती मी उल्का म्हणून घेणार.

यशोधन: काय? अगं, जीपी डॉक्टरकडे रेखा, पेन्शनला रेखा, लायब्ररीत रेखा, मंडळाच्या यादीत रेखा! चव्वेचाळीस वर्षं!

रेखा: ती तुमच्या ताटातली रेखा. लग्नात तांदूळ पसरलेत, अंगठीनं नाव काढलंत आणि मी अक्षरं बघतेय, हे कोणाचं नाव?

यशोधन: आईनं सांगितलं होतं गं. उल्का म्हणजे तुटलेला तारा, घरात नको.

रेखा: आणि तुम्ही ‘हो आई’.

यशोधन: मी नऊ वर्षांचा असताना इथे आलेला. मला काय कळतंय त्या विधींमधलं? भटजी म्हणाले लिहा, लिहिलं.

रेखा: त्याआधीचे सहा महिने मात्र बरोबर कळत होतं हो! ती निळी पत्रं. दर गुरुवारी पोस्टमन यायचा. ‘प्रिय उल्का, इकडे फार थंडी आहे.’ दर पत्रात थंडी. वहिनी विचारायची, हा नवरा आहे की वेधशाळा?

यशोधन: दुसरं काय लिहायचं ते सुचायचं नाही. तुझे बाबा आधी वाचतात असं ऐकलं होतं.

रेखा: वाचायचेच. मग मी वाचायचे. एकदा आमच्या गच्चीवर जाऊन सगळी परत वाचली, थंडीसकट. फार गोड वाटायचं.

यशोधन: तू आलीस तो दिवस आठवतो? हीथ्रोवर?

रेखा: विसरेन होय? तीन तास बसवून ठेवलं मला. नवी शाल, हातात अख्खा चुडा आणि पोटात भूक.

यशोधन: मला दुसऱ्या खोलीत घेऊन गेला तो इमिग्रेशनवाला. ‘युअर वाइफ्स नेम?’ मी ऐटीत म्हटलं, रेखा. तो पासपोर्ट बघतो, माझ्याकडे बघतो. ‘सर, हू इज उल्का?’

रेखा: बायकोचं नाव धड येत नाही, म्हणजे लग्न खोटं! परत धाडत होते मला.

यशोधन: शेवटी माझे बाबा हॉस्पिटलातली ड्यूटी सोडून धावत आले लग्नाचा अल्बम घेऊन. ताटाचा फोटो दाखवला, तांदळातलं नाव समजावून सांगितलं, तेव्हा सुटलीस.

रेखा: तो साहेब काय म्हणाला, तेही सांगा की. दर वेळी खाता ते.

यशोधन: ‘डिड एनीवन आस्क हर?’

रेखा: हं. तिला कोणी विचारलं का? मला तेव्हा इंग्रजी फारसं समजत नव्हतं, पण हे समजलं. परक्या देशातल्या परक्या माणसानं विचारलं. घरातल्या कोणी नाही.





यशोधन: नाव बदलायचं तर आधी डीड पोल, म्हणजे नाव बदलल्याचा कायदेशीर कागद. मग हाय कमिशनमधून त्या नावाचा इंडियन पासपोर्ट. मग हा फॉर्म नव्यानं. वर्ष जाईल.

रेखा: जाऊ दे. मला घाई नाही. आणि मला सांगा, इतकं रेखा रेखा करताय, तुम्ही तरी कधी त्या नावानं हाक मारलीत? सदानकदा ‘अगं’. पाहुण्यांत ‘अगं’, दुकानात ‘अगं’. टेस्कोत चार बायका वळून बघतात.

यशोधन: मारताच आली नाही.

रेखा: म्हणजे?

यशोधन: पत्रं उल्काला लिहिली होती. रेखा म्हणायला जीभ वळायची नाही. आणि उल्का म्हटलं की आई बघायची. म्हणून मग ‘अगं’. पुढे आई गेली, पण तोवर सवय झाली होती. नंतर लाज वाटली. एवढ्या वर्षांनी कुठल्या तोंडानं हाक मारू?

रेखा: चव्वेचाळीस वर्षं मनात ठेवलंत हे? आणि मी समजत होते, तुम्हाला काही वाटलंच नाही.

यशोधन: वाटलं होतं. चूक झाली माझी. लागू दे वर्ष, डीड पोल उद्याच करू.

रेखा: करू. कौन्सिलवाले पुकारतील तेव्हा पुकारतील. पहिली हाक तुम्ही मारा.

यशोधन: आत्ता?

रेखा: नाहीतर काय, अपॉइंटमेंट घेऊ?

यशोधन: उल्का.

रेखा: ओ.

यशोधन: उल्का, चहा टाकतेस?

रेखा: तिला कुठे येत होता चहा? उठा, तुम्हीच टाका.