थंड पाण्यात गेलेला डाग

माझं माहेर दोडामार्गाकडचं, तिथली मातीही तांबडीच, पण लग्न होऊन सुर्ल्याला आले तेव्हा कळलं की इथली वेगळी गो, जड, धरली की न सोडणारी, झाडांची पानं तांबडी, कुत्री तांबडी, दोरीवर घातलेला कपडा वाळून उतरेपर्यंत तांबडा. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, पांढरं काही आणलं असशील तर पेटीतच ठेव. आमचे हे मालाचा, म्हणजे लोखंडाच्या खनिजाचा, ट्रक चालवायचे, खाणीवर भरायचा, जेटीवर ओतायचा, की परत मागे, दिवसाला जमतील तितक्या ट्रिपा. माल नदीतल्या बार्जीतून मुरगाव बंदराला जायचा आणि माती ह्यांच्या कपड्यांतून आमच्या घरी यायची. ते कपडे मी धुतले, लग्न झाल्यापासून. काय सांगू तुला बाय, त्या मातीचा डाग जात नाही. साबण घास, लिंबू चोळ, उन्हात घाल, फिकट होतो, जात नाही. हे मला माहीत होतं. तेच तर आहे, मला माहीत होतं.

मध्ये खाणी बंद पडल्या, कितीतरी वर्षं. हे कधी पाण्याचा टँकर चालवत, कधी नुसतेच सोप्यावर बसून विडीमागून विडी ओढत. मग खाणी परत सुरू झाल्या, ह्यांना परत ट्रकावर बोलावलं, तर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजायच्या आधी दाढी करून तयार, नव्या जावयासारखे. मी चेष्टा करायचे, आज कोणाला बघायला चाललात हो.

त्याच वर्षीची गोष्ट. दुपारी कपडे धुवायला बसले, ह्यांच्या चड्डीला पुढच्या बाजूला तांबडा डाग. बाल्दीत थंड पाण्यात बुचकळली, साबण फिरवला न फिरवला, आणि डाग गेला. गेला गो. मला काय वाटावं? मला बरं वाटलं. शेजारणीला हाक मारून सांगितलं, ह्या वेळचा साबण चांगला निघाला, तिनंही तोच आणला. पुढं महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा एकदा तसाच डाग, पुन्हा गेला. कुठला डाग थंड पाण्यात जातो हे बाईमाणसाला शिकवावं लागतं काय? मला आईनं शिकवलं होतं, मी माझ्या मुलीला शिकवलं. आणि मी साबणाचं कौतुक करत बसले.

दुखत काही नव्हतं ह्यांना. जेवण तसंच, झोप तशीच. फक्त घरात पांढऱ्या लाद्यांचा संडास असताना लघवीला मागच्या चढावर मातीत जायचे. मी बडबडायचे, लाद्या काय बघायला बसवल्या? ते हसून चढ चढायचे.

मग नातवाच्या वाढदिवसाला म्हापशाला मुलीकडे गेलो. तिथं कुठला चढ नि कुठली माती. नळाला पाणी नव्हतं, हे बाहेर आले तशी मुलगी बाल्दी घेऊन आत गेली आणि पाणी न ओतताच परत आली. बाबा, ह्यां काय? हे म्हणाले, बीट खाल्लंय. तिनं बीट शिजवलंच नव्हतं.

इस्पितळात नळीतून कॅमेरा घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टरीण तुझ्याच वयाची, सावकाश सांगत होती, कॅन्सरची गाठ आहे, मांसात उतरलीय, खरवडून भागणार नाही, लघवीची पिशवी सगळीच काढावी लागेल, मग आतड्याचा तुकडा घेऊन पोटावर वाट करायची आणि वरून एक पिशवी चिकटवायची, ती जन्मभर. ते कागद नंतर, आरोग्य केंद्रातून घरी यायला लागलीस तेव्हा, तूच मला वाचून दाखवलेस. तिनं विचारलं, किती दिवस रक्त जातंय? हे म्हणाले, आठ दिवस. मी शेजारी बसले होते. मनात महिने मोजत होते.

ऑपरेशन झालं, हे घरी आले. पोटावरची पिशवी रिकामी करायचं मी शिकले. ह्यांना खाली बघवत नाही, जनेलातून बाहेर तोंड करून बसतात आणि दर खेपेला विचारतात, रंग कसो गो? मी सांगते, पिवळो. माझ्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास. तेच मला सोसेना. दसरा झाल्यावर एक दिवस मी बोलून टाकलं, डाग थंड पाण्यात जायचा हो, मी माझ्या हातानं घालवला, तेव्हाच तुम्हाला विचारलं असतं तर.  हे जनेलाकडे तोंड ठेवूनच म्हणाले, गेल्या दिवाळीपासून ठाऊक होतां माका. डाग पडलो काय मी वर माती चोळी. तुका गावले ते चोळूचे रवले. म्हणजे मला सापडले ते दोनच, माती चोळायची राहून गेलेले.

ट्रकावरून उतरवतील म्हणून लपवलं, म्हणाले. परत सोप्यावर बसावं लागेल म्हणून.

मला वाटलं होतं, बोलले की हलकं होईल. आता झालंय काय, मला आठवतात ते सगळे न जाणारे डाग, जे मी धोंड्यावर आपटून आपटून धुतले, त्यातला कुठला नुसत्या मातीचा आणि कुठला मातीखाली ह्यांचा. एक जुनी चड्डी ठेवलीय पेटीत, टाकवत नाही. तिचा डाग अजून जात नाही, म्हणजे मातीचाच, असं मी म्हणते. पण वरची माती राहिली म्हणजे खाली काही नव्हतं असं थोडंच.

आता ह्यांच्या कपड्यांना काही लागत नाही. थंड पाण्यात घालते, पाणी साफ येतं, तरी बाल्दी हलवून बघते. डॉक्टरीण म्हणते, आतापर्यंत सगळं ठीक आहे. तुझं बरं होऊं बाय, तू ऐकून घेतलंस. फक्त एक, सकाळी पोदेर येऊन गेला की हे अजून उठतात आणि मागच्या चढावर जाऊन उभे राहतात, पूर्वीसारखे, पाठमोरे. काय हो, म्हटलं तर म्हणतात, लागल्यासारखी वाटली. आतली पिशवीच नाही तर लागणार कुठून, पण वाटते म्हणे. हे आत आले की मी जाते आणि उभे होते तिथली माती बघते. कोरडी असते. तांबडी असते.