गाळलेली चार पानं

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सबाई एका निवृत्त मास्तरांच्या डोळ्यांत थेंब टाकत होत्या. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका प्राध्यापिकेने मास्तरांना ओळखलं.

"सर, मी तुमची विद्यार्थिनी! तुमचं अख्खं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक स्कॅन करून कॉलेजच्या वेबसाइटवर टाकलंय. सगळा वर्ग वाचतो."

"मला विचारलंस?"

"पुस्तक आता कुठे मिळत नाही ना, सर."

"मी मिळतो की! एखादं प्रकरण हसत दिलं असतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बरं जमतं."

"मुलांसाठीच केलं, सर. फाइल जड होत होती, म्हणून सुरुवातीची चार पानं तेवढी गाळली."

"तीनशे पानांत तीच जड झाली? त्यांतच तुझ्या काकूंचं, माझ्या बायकोचं, नाव होतं. सगळ्या आकृत्या तिच्या हातच्या. ती गेली, आणि तू नावही पुसलंस!"

नर्सबाईंनी बाटलीचं झाकण लावलं.

"चुकलं, सर. वेबसाइटवरून आत्ता काढते." तिने मोबाइल हातात घेतला.

"काढ. आणि मुलांना कारण लिही. फाइल बिघडली, अशी थाप नको. न विचारता घेतलं होतं, असं लिही."

"आजोबा," नर्सबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर बोलावताहेत."

"थांबा बाई. हिचं लिहून होऊ दे."