मोहोराखालचा अर्धा तास

भिकाजी : गणिताच्या तासाला माश्या मोजायच्या, हे काय माझ्या डोक्यात शिरत नाय, बाई. पाढे कधी शिकवणार?

योगिनी : पाढे येतात तिला, भिकाजीभाऊ. एकोणतीसपर्यंत न अडता म्हणते. मी पाढ्यांसाठी नाही आले.

भिकाजी : मंग बसा तरी. पायरीवर नको, मुंग्या हायत. ही खुर्ची घ्या. ज्ञाना, बाईंना पाणी आण गो. नायतर कोकमाचं सरबतच कर. हिची आई गणपतीपुळ्याला कामाला जाते, लॉजच्या किचनात. सातच्या एसटीनं येते, तोवर आमचं बापलेकीचंच राज्य.

योगिनी : पाणी पुरे. ज्ञानेश्वरी, पाणी दे आणि आत जाऊ नकोस. इथेच बस.

ज्ञानेश्वरी : हो बाई.

भिकाजी : काय केलंन तिनं? मगाशी शाळेतून आली, दप्तर टाकलंन आणि सरळ माजघरात. मी बोललो, पोट दुखतंय का. तर दार लोटून घेतलंन.

योगिनी : सांगते. सातवीत आम्ही दोन आठवडे एकच विषय घेतलाय, आंब्याचा मोहोर. सगळे तास त्याच्यावरच. भूगोलात मुलांनी वाडीतल्या बागांचा नकाशा काढला. चित्रकलेत प्रत्येकानं मोहोरावर येणारी एक माशी काढली, नीट निरखून. मराठीत या किड्यांना आपल्याकडे काय काय म्हणतात ते गोळा केलं.

भिकाजी : काय म्हणणार? माशी म्हणतात.

ज्ञानेश्वरी : सगळ्यांना माशी नाही, बाबा. एक असते ती हवेत एका जागी उभी राहते. तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, वेदिकाच्या आजोबांना पण नाही. मग वर्गानं ठेवलं, हेलिकॉप्टर माशी.

भिकाजी : आणि गणितात?

योगिनी : गणितात मोजणी. ज्यानं त्यानं आपापल्या बागेत एका कलमाखाली अर्धा तास बसायचं, रोज सकाळी, सोमवार ते शुक्रवार. मोहोरावर किती किडे येतात ते लिहायचं. आज दुपारी त्याचे आलेख काढले. तेव्हा कळलं, ज्ञानेश्वरीचा आलेख आणि सर्वेशचा आलेख शेजारी ठेवले तर रेल्वेच्या रुळांसारखे दिसतात. सर्वेशचे एकतीस, हिचे एकोणतीस. त्याचे सव्वीस, हिचे चोवीस. पाचही दिवस दोनच कमी.

भिकाजी : म्हणजे बघून लिहिलंन. मंग द्यायचे होते दोन धपाटे तिथंच. त्यासाठी चढण चढून कशाला आलात?

योगिनी : कारण वहीचं शेवटचं पान मी पाहिलं. सांगतेस तू, की मी सांगू?

ज्ञानेश्वरी : तुम्ही सांगा.

योगिनी : शेवटच्या पानावर पेन्सिलीनं खरी मोजणी आहे. सोमवार, शून्य. मंगळवार, शून्य. बुधवारी एक लिहिलंय आणि पुढे लिहिलंय, मुंगी होती, धरायची नाही. गुरुवार शून्य. आज शून्य.

भिकाजी : कुठल्या बागेत?

योगिनी : तुमच्या, भाऊ.

भिकाजी : अस्सं. म्हणजे भिकाजीनं माश्या मारल्या, हे सांगायला आलात तुमी.

योगिनी : नाही.

भिकाजी : नाय कसं? बाई, तुमी घाटावरच्या. तुमास मोहोराचा रस पिणारा तुडतुडा ठाऊक हाय? मोहोर कसा सोन्यासारखा येतो, आणि चार दिवस लक्ष नाय दिलं तर सगळा चिकट होतो. मंग त्याच्यावर काळं धरतं, काजळी फासावी तसं. एकशे दहा कलमं हायत माझी. औषध नाय मारलं तर वर्षभर काय करू, मिरजोळ्याच्या कंपनीत वॉचमन होऊ? मारायला लागतं. सगळे मारतात. सर्वेशचा बाप पण मारतो, फक्त त्याचं ह्या आठवड्यात मारायचं राह्यलंय.

योगिनी : माझे वडीलही मारायचे. आमची द्राक्षबाग होती, सांगलीकडे. पंपाची नळी धरायला मीच असायचे. तो वास अजून ओळखू येतो मला. तुम्हाला शिकवायला मी नाही आले, भाऊ. हिनं खोटं का लिहिलं, तेवढं मला समजून घ्यायचं होतं. वर्गात विचारलं तर तोंड उघडेना.

भिकाजी : का लिहिलंस गो? बोल. मी ओरडत नाय.

ज्ञानेश्वरी : सव्वीस जानेवारीला तक्ता लावणार आहेत. शाळेच्या व्हरांड्यात. सगळ्यांच्या बागा, बागवाल्याच्या नावासकट. झेंडावंदनाला सगळं गाव येतं. सरपंच येतात. सगळ्यांच्या नावापुढे काहीतरी असणार आणि तुमच्या नावापुढे शून्य. लोक हसले असते.

भिकाजी : म्हणून बापाच्या नावावर एकोणतीस माश्या चढवल्यास.

ज्ञानेश्वरी : सर्वेशपेक्षा जास्त नाही लिहिल्या. दोन कमीच ठेवल्या.

योगिनी : नावं लिहायची ही कल्पना माझी होती, भाऊ. मला वाटलं, मुलांना आपल्या बागेचं कौतुक वाटेल. पण झालं असं, की बापाविरुद्ध साक्ष द्यायला मीच तिला उभं केलं. ते मला आज दुपारी कळलं. आधी कळायला हवं होतं.

भिकाजी : तू बसायचीस कुठं?

ज्ञानेश्वरी : विहिरीकडच्या कलमाखाली. साडेसात ते आठ.

भिकाजी : विहिरीकडच्या? ज्ञाना, रविवारी दुपारी मी तिथनंच पंप चालू केला. सगळ्यात जास्त औषध त्याच कलमावर पडलंय. सोमवारी सकाळी पानं ओली असतील अजून दवानं, वरनं ठिबकत असेल.

ज्ञानेश्वरी : ठिबकत होतं थोडं. वहीवर पडलं.

भिकाजी : तोंडाला काय बांधलं होतंस?

ज्ञानेश्वरी : ओढणी. दुसऱ्या दिवसापासून. सोमवारी डोळे चुरचुरले, मग धुतले.

भिकाजी : आणि मला नाय सांगितलंस? मी समोर पडवीत चहा पीत होतो. लांबनं बघत होतो तुला. बोललो, पोरगी अभ्यास करते, करू दे.

ज्ञानेश्वरी : सांगायचं काय त्यात, बाबा? वास तर दरवर्षीच असतो. तुम्ही पण त्याच शर्टावर जेवायला बसता.

योगिनी : फवारणी कधी झाली ते विचारूनच बसा, हे मी एकाही मुलाला सांगितलं नव्हतं. ज्ञानेश्वरी, इकडे बघ. डोळे दाखव. आता काही होतंय?

ज्ञानेश्वरी : नाही बाई. तेव्हाच गेलं.

योगिनी : उद्या आरोग्य केंद्रात दाखवून येऊ. मी येते बरोबर.

भिकाजी : मी नेतो तिला. माझी पोर हाय, मीच नेतो. पाच दिवस. पाच दिवस त्या औषधाखाली बसून तिनं काय बघितलंन, तर काय नाय. कंटाळली नाय ती?

ज्ञानेश्वरी : पहिल्या दिवशी वाटलं, माझंच चुकतंय. मग मी हलायचं बंद केलं, मी हलते म्हणून येत नसतील. बुधवारी केसाला तेल पण नाही लावलं, वासानं जात असतील म्हणून. तरी कोणी आलं नाही.

भिकाजी : पुरे गो. पुरे आता.

योगिनी : मी निघू का, भाऊ? आपण उद्या बोलू.

भिकाजी : बसा हो. इतक्या वर आलात ते काय पाणी पिऊन जायला? ज्ञाना, आणखी काय राह्यलंय तुझं शाळेचं?

ज्ञानेश्वरी : इतिहासाचं पान. पूर्वी बाग कशी होती, ते घरातल्या मोठ्यांना विचारून लिहायचं. कोरंच आहे ते.

भिकाजी : का कोरं?

ज्ञानेश्वरी : तुम्हाला विचारायचं होतं. पण तुम्ही विचारलं असतंत, कशाला हवंय.

भिकाजी : लिही मंग. माझा बापूस, गंगाराम त्याचं नाव, ही बाग त्यानं लावलीन. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालच्या शेतातली माती डोक्यावरनं आणून भरलीन. मोहोर फुलला की तो मिरकरवाड्याच्या बंदरावर जायचा आणि मासळीची टाकलेली डोकी घेऊन यायचा. टोपलीत घालून फांद्यांना टांगायचा.

योगिनी : मासळीची डोकी? कशाला?

भिकाजी : माश्या याव्यात म्हणून. डोक्यांवर आल्या की मोहोरावर पण बसतात, आणि फळ धरतं. त्याला कोणी शिकवलंन ते ठाऊक नाय. पण वास असा सुटायचा, की आई त्याला अंगण ओलांडू द्यायची नाय, आधी विहिरीवर जा बोलायची. आमी शाळेत जायचो तर पोरं नाकाला हात लावायची. मला लाज वाटायची बापाची.

ज्ञानेश्वरी : हळू सांगा, बाबा. "लाज वाटायची" पर्यंत आले.

भिकाजी : ते नको लिहू. नायतर लिही, राहू दे. दुपारी कलमाखाली उभं राह्यलं की वरनं आवाज यायचा. गिरणी लांब कुठं चालू असते ना, तसा. सगळ्या बागेत. आमी त्याच्याखाली झोपायचो.

योगिनी : तो आवाज बंद कधी झाला?

भिकाजी : तेच आठवत नाय बघा. बापूस गेला, मी पंप आणला, पहिली दोन-चार वर्षं पीक पण चांगलं आलं. आवाज कधी गेला, ते मला कळलंच नाय. आत्ता तुमी विचारलंत म्हणून.

ज्ञानेश्वरी : "कळलंच नाही." लिहिलं.

भिकाजी : दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कागद येतो, कुठलं औषध कधी मारायचं त्याचा. त्याच्यात पण लिहिलेलं असतं, फुललेल्या मोहोरावर शक्यतो मारू नका. वाचलाय मी. घडी करून कपाटात ठेवलाय. पण शेजारी मारतो, मंग तिकडचा तुडतुडा माझ्याकडे येईल, ही भीती. त्याला पण माझी तीच भीती. असं चाललंय.

योगिनी : तक्त्याचं काय करू, तुम्हीच सांगा. नावं तर मी काढतेच सगळ्यांची. नुसते आकडे टाकू, बाग एक, बाग दोन. तुमची बागच गाळली, तरी मी कोणाला काही बोलणार नाही.

भिकाजी : गाळायची कशाला? पोर पाच दिवस बसली त्याचं काय? नावं काढा. शून्य राहू दे. आणि तू, ज्ञाना, ते एकोणतीस आणि चोवीस खोड. खोडरबरानं नको, रेघ मार. मंग खाली खरं लिही.

ज्ञानेश्वरी : सर्वेशला काय सांगू? त्याला माहितीये मी त्याची वही मागितली ते.

भिकाजी : सांग, बाप काय बोलेल ह्या भीतीनं लिहिलं.

ज्ञानेश्वरी : पण तसं नव्हतं. लोक तुम्हाला काय बोलतील, याची भीती होती.

भिकाजी : मंग तसं सांग. बाई, गडग्याकडची, दगडी कुंपणालगतची चार कलमं हायत, पलीकडच्या टोकाला. त्यांचा मोहोर मागनं आलाय, दोन दिवसांत फुलेल. त्या अंगाला ह्या खेपेला पंप नेत नाय मी. चारच. जास्तीचं बोलणं नाय करत.

योगिनी : आणि तुडतुड्यानं खाल्ली तर?

भिकाजी : तर चार कलमं गेली. झोप नाय लागणार, पण जगेन.

(सव्वीस जानेवारीनंतरच्या रविवारी सकाळी. गडग्याकडच्या कलमाखाली तिघं.)

योगिनी : डॉक्टर काय म्हणाले होते, ते सांगितलंच नाहीत.

भिकाजी : डोळे बरे हायत तिचे. मलाच ओरडले, औषध मारताना तोंडाला नीट मास्क लावत नाय म्हणून. आता आणलाय. आणि बाई, झेंडावंदनाला तुमी आत होतात, मी तक्त्यासमोर उभा होतो. शून्यं तीन होती.

योगिनी : हो. तिघांच्याही मुलांनी खरीच लिहिली.

भिकाजी : वाडीतला बाबल्या विचारत होता, कोणाची रे ही. मी बोललो, एक माझी. तर तो हळूच बोलला, दुसरी माझी असेल. आमी तिसऱ्याला शोधत बसलो, तो काय सापडला नाय.

ज्ञानेश्वरी : बाबा, हे कलम बघा. ह्याच्यावर काळं आलंय.

भिकाजी : बघितलंय मी. चार दिवस बघतोय. तुडतुडाच. निम्मा मोहोर गेला ह्याचा.

योगिनी : वाईट वाटतंय मला.

भिकाजी : मला पण वाटतंय. काल दोनदा पंपाला हात लावून आलो. पण पोरीला शब्द दिला होता. बाकीची तीन बघा, फळ धरायला लागलीत ती. ज्ञाना, हे काळं पडलेलं पण वहीत घाल. चांगलं तेवढंच नको लिहू.

ज्ञानेश्वरी : घातलं. आता साडेसात झाले. सुरू करू?

योगिनी : कर. मी ह्या फांदीकडे बघते. तू वरच्या. भाऊ, तुम्हाला कामं असतील.

भिकाजी : कामं हायत ना. पण हा खालचा घोस कोण बघणार? सरक गो जरा, मला बसू दे. बसलेलीच धरायची, की उडणारी पण?

ज्ञानेश्वरी : बसलेलीच. आणि तीच परत आली तर परत धरायची नाही.

भिकाजी : तीच हाय हे कसं कळणार?

योगिनी : माझ्या फांदीवर सात झाल्या. तुमच्या किती, भाऊ?

भिकाजी : बोलू नका हो बाई. मोजणी चुकते माझी.