भानूकाकींच्या परसातली वाट

जमलेल्या शेजाऱ्यांनो, आणि काकींच्या लेका, नरेश,

दोन शब्द बोलायला उभा राहिलोय. परवा भानूकाकी गेल्या. त्या कोण, हे इथे आपल्या सरावली गावात कुणाला सांगायला नको. आपण सगळेच त्यांच्या परसातून ये-जा करणारे.

मी कारखान्यात फिटर. नकाशा वाचायला, काढायला स्वतःच शिकलो, म्हणून खात्रीने सांगतो. आपली वस्ती वाढली, पण रस्ते एकमेकांना भेटले नाहीत. प्रत्येक बिल्डरने हमरस्त्यावरून एक गल्ली आत घेतली आणि टोकाला भिंत घातली. एक गल्ली, एक भिंत. दुसरी गल्ली, दुसरी भिंत. घरं पाठीला पाठ लावून, पण जायचं तर ट्रकांमधून वळसा. मोकळं राहिलं ते एकच, काकींचं परसदार.

एकदा त्यांना मी माझा नकाशा दाखवला. म्हणाल्या, "माजी वाट कुटं हाय यात?"

म्हटलं, "काकी, ती खाजगी जागा. मी चुकीचं काढत नाही."

"मोटा आला सायेब! मंग रोज जातोस कशावरनं, कागदावरनं?"

सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाने कुणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "नाक दाब नि जा. पन लांबून नको जाऊ."

परवा काय झालं? स्मशानात ज्या वाटेने गेलो तिनेच परतायचं नाही, ही आपली रीत. काकींना घरापुढच्या गल्लीने नेलं. परतताना सगळे थबकलो. दुसरी वाट होती कुठे? होती ती त्यांचीच. त्यांना पोचवून आपण त्यांच्याच परसातून घरी आलो.

नरेश, तुला तिथे भिंत घालायचीय, ठाऊक आहे मला. तुझं चूक नाही. मोटरसायकली जातात, कचरा पडतो, तुझी लेकरं झोपेतून दचकतात. सोय आमची, त्रास तुझ्या घराला. वाट राहावी असं मला वाटतं, ते कशाला लपवू? पण तो आमचा हक्क नाही. तुझ्या आईने वाट मोकळी ठेवायचा शब्द दिला होता, तो तिच्याबरोबर गेला. आता शब्द तुझा.

मंडळी, एक विनंती. इथून निघाल्यावर पाय सवयीने परसाकडे वळतील. आज वळू देऊ नका. हमरस्त्याने जा. नरेश बोलावेल तेव्हाच परसातून जाऊ.

काकींना नमस्कार. चला, उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.